टिकेल तीच दुरुस्ती: जुन्या काँक्रीट पुलांसाठी उपाय कसा निवडावा

जुन्या पुलाखाली उभं राहून वर पाहिलं की ठिगळं दिसतात. कुठे तीन वर्षांपूर्वीचं, कुठे दहा वर्षांपूर्वीचं. काळवंडलेल्या काँक्रीटमध्ये ते फिकट राखाडी चौकोन लगेच उठून दिसतात. त्यातल्या एखाद्या चौकोनाच्या कडेपासून वीतभर अंतरावर नीट बघा. पुष्कळदा तिथे एक तांबूस रेघ सापडते, आतल्या सळईच्या दिशेने धावणारी. हातोडीने टकटक केलं तर ठिगळ खणखणीत वाजतं आणि शेजारचं, कधीच हात न लागलेलं काँक्रीट पोकळ बोलतं. दुरुस्ती शाबूत आहे, आणि तिच्या शेजारी पूल नव्याने सडायला लागला आहे.

असं ठिगळ मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी खराब काँक्रीट पुरतं काढलं नसणार. कारण त्याहून खोल असतं. काँक्रीटमध्ये क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश मुरलेला असला की सळईचा काही भाग गंजतो आणि गंजता गंजता शेजारच्या भागाला वाचवत असतो. बॅटरीसारखंच हे काम चालतं: गंजणारा भाग ॲनोड, शेजारचा कॅथोड. आपण गंजलेला भाग उघडतो, घासतो, ताजं अल्कधर्मी मॉर्टर भरतो. तिथली सळई शांत होते. आता शेजारच्या सळईला वाचवणारं कुणी उरलेलं नसतं आणि तिच्याभोवती मीठ तर तसंच आहे. मग ती स्वतः ॲनोड होते.

जुन्या पुलांच्या दुरुस्तीबद्दल मला जे सांगायचं आहे ते या एका ठिगळात आलं. 'शाश्वत दुरुस्ती' म्हटलं की चर्चा थेट मालावर जाते: कमी सिमेंट, जास्त फ्लाय ॲश (कोळशाची राख), पुनर्वापराची खडी. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेत आणि पुढे त्या येतीलच. पण पहिला प्रश्न वेगळा आहे. हेच काम पुन्हा किती वर्षांनी करावं लागेल? पाच वर्षांनी पुन्हा परांची बांधावी लागणार असेल, पुन्हा तोडफोड, पुन्हा मॉर्टर, पुन्हा वाहतूक वळवणं, तर त्या मॉर्टरमध्ये सिमेंट कितीही कमी असलं तरी ती दुरुस्ती महागात पडली, पैशानेही आणि कार्बनच्या हिशेबानेही.

आधी हिशेब डोक्यात बसवा

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी गृहीत धरलेले आहेत, आपल्या पुलाचे आकडे घालून तेच गणित करून बघा.

समजा पुलावरून रोज १०,००० वाहनं जातात आणि काम चालू असताना प्रत्येकाला ६ किलोमीटरचा वळसा पडतो. म्हणजे रोज ६०,००० किलोमीटर जादा धाव. मोटारी आणि ट्रक मिळून सरासरी किलोमीटरला २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर रोजचे १२ टन झाले. काम ४५ दिवस चाललं तर ५४० टन.

आता दुरुस्तीचा माल. १० घनमीटर मॉर्टर लागलं, घनमीटरला ५०० किलो सिमेंट, म्हणजे ५ टन सिमेंट. टनामागे साधारण ०.८ टन उत्सर्जन धरलं तर ४ टन. हे सिमेंट निम्म्यावर आणलं तर वाचले २ टन. वळशाच्या हिशेबात हे चार तासांचं उत्सर्जन झालं.

यावरून दोन गोष्टी निघतात. गजबजलेल्या पुलावर काम लवकर उरकणारी, निदान एक मार्गिका चालू ठेवू देणारी पद्धत बहुतेक वेळा मालाच्या निवडीपेक्षा जास्त वाचवते. आणि दर खेपेला ५४० टन लागणार असतील तर दोन खेपांमधलं अंतर वाढवणं हाच सगळ्यात मोठा उपाय आहे. आडरस्त्यावरच्या, दिवसाला शंभर वाहनं जाणाऱ्या पुलावर हे गणित उलटं होईल, तिथे माल आणि परांचीच मोठी ठरेल. म्हणून एकूण उत्सर्जन भागिले दुरुस्तीची अपेक्षित वर्षं, हा एक आकडा प्रत्येक पर्यायासाठी काढायचा आणि समोर ठेवायचा.

पायरी १: पावसात जा

तपासणीची तारीख ठरवताना कोरडा दिवस निवडायची सवय असते. एक फेरी तरी पावसात करा. पूल कुठून ओला होतो हे कोरड्या दिवशी फक्त डागांवरून ताडावं लागतं, पावसात ते डोळ्यांसमोर घडत असतं.

एक्स्पान्शन जॉइंटखाली, म्हणजे पुलाच्या दोन भागांमध्ये हालचालीसाठी ठेवलेल्या फटीखाली, उभे राहा. त्याची रबरी पट्टी फाटली असेल तर रस्त्यावरचं सगळं पाणी गर्डरच्या (मुख्य आडव्या तुळईच्या) टोकांवर, तिच्याखालच्या बेअरिंगवर आणि पिअर कॅपवर, म्हणजे खांबाच्या माथ्यावर, पडत असतं. जिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तिथे ते पाणी खारं असतं. समुद्राकाठच्या पुलावर मीठ हवेतूनच येतं. पाणी काढायचे स्पाउट आखूड असतील तर पाणी सुटून खाली पडण्याऐवजी गर्डरच्या अंगावरून ओघळतं. स्लॅबच्या बाहेरच्या कडेला खालून एक बारीक खाच असायला हवी, तिथे पाणी अडतं आणि पागोळी होऊन गळून पडतं. ती खाच मागच्या प्लास्टरमध्ये बुजली असेल तर पाणी स्लॅबच्या पोटाकडून आत सरकत जातं.

जॉइंट बदलणं, स्पाउट लांब करणं, खाच पुन्हा कोरणं, डेकवर, म्हणजे वाहनं चालतात त्या स्लॅबवर, जलरोधक थर देणं ही कामं दिसायला किरकोळ आहेत. तरी पाण्याची वाट बंद केल्याशिवाय खालचं एकही ठिगळ भरू नये, या मताचा मी आहे. गळका जॉइंट तसाच ठेवून पिअर कॅप दुरुस्त करणं म्हणजे गळक्या छपराखालची भिंत रंगवणं.

पायरी २: दुखणं कोणतं ते ओळखा

चांगल्या काँक्रीटच्या छिद्रांमधल्या पाण्याचा पीएच १२.५ ते १३.५ च्या आसपास असतो. त्या वातावरणात सळईवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर धरतो आणि लोखंड गंजत नाही. हा थर दोन वाटांनी मोडतो. एक, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून काँक्रीटची अल्कधर्मिता खाली आणतो. याला कार्बोनेशन म्हणतात. दोन, क्लोराइड आत शिरून पीएच चांगला असतानाही तो थर जागोजागी भेदतं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होतं, म्हणून आतून दाब येऊन भेगा पडतात आणि पोपडे सुटतात.

वरून दोन्हींची खूण सारखीच दिसते: भेग, तांबूस डाग, पोपडा. उपाय मात्र अगदी वेगळे आहेत. म्हणून चाचण्यांवर कंजुषी नको.

सुरुवात हातोडीने. पुलाच्या खालच्या बाजूवर खडूने अर्ध्या किंवा एक मीटरची जाळी आखा आणि चौकोन-चौकोन ठोकत जा. पोकळ आवाज आला की तिथे खडूने घेर काढा. कान एका दिवसात तयार होतो. त्याच जाळीवर कव्हर मीटर फिरवून सळईवर काँक्रीटचं आवरण किती आहे ते नोंदवा. आराखड्यात ४० मिमी लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात एखाद्या कोपऱ्यात १५ निघतं आणि तिथेच आधी पोपडा सुटलेला असतो.

मग फिनॉल्फ्थॅलिन, अल्कधर्मिता रंगाने दाखवणारं द्रव्य. काँक्रीटचा ताजा तुकडा फोडा, धूळ झटका आणि द्रावण फवारा. अल्कधर्मी भाग गर्द गुलाबी होतो, कार्बोनेट झालेला भाग रंगहीन राहतो. पृष्ठभागापासून गुलाबी कडेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. ड्रिलच्या भुकटीने माखलेल्या भोकात ही चाचणी करू नका, आतली अल्कधर्मी भुकटी बाहेरच्या भागावर पसरते आणि सगळंच गुलाबी दिसतं.

कार्बोनेशनची खोली साधारणपणे वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. याचा उपयोग फार सुंदर आहे. ३६ वर्षांच्या पुलावर खोली १८ मिमी मिळाली तर गुणक झाला १८ भागिले ६, म्हणजे ३. आवरण ३० मिमी असेल तिथे कार्बोनेशन सळईपर्यंत पोहोचायला एकूण १०० वर्षं लागतील. आवरण २० मिमी असेल तिथे ४४ वर्षं, म्हणजे आजपासून फक्त आठ. एकाच गर्डरवर एका जागी काहीही करायची गरज नाही आणि हातभर अंतरावर लगेच काम हवं, हे या छोट्या गणितातून कळतं. अख्ख्या पुलाला एकच उपाय लावण्याची घाई इथे थांबते. ही चाल ढोबळ आहे, ओल बदलली की गुणक बदलतो, पण अंदाजाला ती पुरते.

क्लोराइडसाठी एकाच खोलीवरचा नमुना पुरत नाही. एकाच भोकातून १०-१५ मिमीच्या टप्प्यांनी भुकटी गोळा करा आणि प्रत्येक टप्पा वेगळा तपासायला द्या. वरच्या थरात जास्त आणि आत कमी होत गेलं तर मीठ बाहेरून येतं आहे. सगळ्या खोलीवर सारखंच असेल तर ते बांधतानाच वाळूतून, पाण्यातून किंवा कॅल्शियम क्लोराइडसारख्या द्रव्यातून आत गेलेलं असण्याची शक्यता मोठी. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्के ही धोक्याची पातळी म्हणून फार वापरली जाते. ती काटेकोर रेषा समजू नका, ओल आणि काँक्रीटच्या प्रतीनुसार ती मागेपुढे सरकते.

हाफ-सेल चाचणीने, म्हणजे पृष्ठभागावरून सळईचा विद्युतदाब मोजून, सळई आत्ता कुठे गंजते आहे याचा नकाशा मिळतो. तांबे-मोरचूदच्या विद्युतअग्राने मोजलं आणि आकडा उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण आला तर गंजण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक, उणे २०० पेक्षा कमी ऋण आला तर न गंजण्याची शक्यता तितकीच, असं अमेरिकेचं एएसटीएम सी ८७६ हे मानक सांगत आलं आहे. पण सतत पाण्यात असलेल्या खांबात ऑक्सिजनच पोहोचत नाही, तिथे आकडा फार ऋण येतो आणि सळई मात्र चकचकीत निघते. म्हणून सुट्या आकड्यापेक्षा नकाशावर तो किती झपाट्याने बदलतो ते पाहा. थोड्या अंतरात शंभर-दीडशे मिलिव्होल्टची उतरण दिसली की तो भाग संशयित. आणि शेवटी तीन-चार जागी काँक्रीट फोडून सळई डोळ्यांनी बघाच. एक संशयित जागा, एक 'बरी' जागा, एक मधली. यंत्राच्या आकड्यांना अर्थ त्यातूनच येतो.

नकाशासारख्या जाळीदार भेगा, भेगांतून पाझरणारा पांढुरका चिकट पदार्थ, जॉइंट घट्ट मिटलेले, असं दिसलं तर अल्कली-सिलिका अभिक्रियेचा संशय घ्या. ही खडीतली सिलिका आणि सिमेंटातली अल्कली यांच्यातली अभिक्रिया आहे. काँक्रीटचा दंडगोल नमुना (कोअर) काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय तिचं निदान पक्कं होत नाही.

पायरी ३: पूल उभा राहतो का?

दुरुस्ती करताना पूल आधी थोडा कमजोर होतो. काँक्रीट काढलं की सळईची पकड जाते. कॅनडात लाव्हाल इथला द ला काँकोर्ड उड्डाणपूल २००६ साली कोसळला आणि पाच जण दगावले. चौकशीत मूळ रचनेतले आणि बांधणीतले दोष मुख्य निघाले, पण १९९२ मध्ये जॉइंट दुरुस्त करताना ठरल्यापेक्षा जास्त काँक्रीट काढून सळया उघड्या पाडल्या गेल्या, हेही एक कारण नोंदवलं गेलं. म्हणून किती लांबी एका वेळी उघडायची, टेकू कुठे द्यायचे, तेवढ्या काळात पुलावर किती भार चालेल, हे संरचना अभियंत्याने कागदावर मांडल्याशिवाय काँक्रीट फोडायचा ब्रेकर हातात घेऊ नये.

सळईचा व्यास मोजताना गंज पूर्ण घासून मोजा. कार्बोनेशनचा गंज साधारण सर्वत्र सारखा पसरतो. क्लोराइडचा गंज खोल खड्डे पाडतो, बाहेर डागही न उमटता सळई एका जागी अर्धी झालेली असू शकते.

पूल प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी तारा असलेला, असेल तर या लेखातल्या बऱ्याच गोष्टी जशाच्या तशा लावू नका. ताणलेली तार सूचना न देता तुटते. ड्रेस्डेनच्या कारोला पुलाचा एक भाग ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे एल्ब नदीत कोसळला तो याच प्रकारच्या पोलादात ताणाखाली वाढलेल्या गंज-तड्यांमुळे. अशा पुलांची तपासणी हा वेगळाच विषय आहे.

पायरी ४: किती वर्षांसाठी?

हा प्रश्न लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. युरोपचं ईएन १५०४ हे मानक त्याच्या नवव्या भागात मालकापुढे जे पर्याय ठेवतं, त्यात काही काळ काहीच न करता लक्ष ठेवणं, भारक्षमता नव्याने तपासून गरज पडल्यास वाहतुकीवर मर्यादा घालणं, पुढचा ऱ्हास थांबवणं, बळकटी देणं, पुन्हा बांधणं आणि पाडणं, हे सगळं येतं. 'काही न करणं' हा तिथे अधिकृत पर्याय आहे. ज्या पुलाची उंची पुराला अपुरी पडते म्हणून दहा वर्षांत तो बदलायचाच आहे, त्यावर पन्नास वर्षं टिकणारी यंत्रणा बसवणं ही उधळपट्टी आहे. तिथे सुटलेले पोपडे काढून, सळईला संरक्षक लेप देऊन आणि दर वर्षी मोजमाप घेऊन दहा वर्षं निभावून नेणं हीच खरी काटकसर.

पायरी ५: दुखण्याप्रमाणे उपाय

*फक्त कार्बोनेशन असेल* तर नशीब चांगलं समजा. पोपडे सुटलेले भाग नीट दुरुस्त करा आणि बाकीच्या पृष्ठभागाला कार्बन डायऑक्साइड रोखणारा, पण आतली वाफ बाहेर जाऊ देणारा रंगलेप द्या. सिलेनसारखं पाणी झटकणारं द्रव्य हवा अडवत नाही, त्यामुळे इथे त्याच्यावर भिस्त ठेवू नका. कार्बोनेशन सळईपर्यंत पोहोचलंय पण पोपडे अजून फार नाहीत, अशा मोठ्या क्षेत्रावर पुनर्क्षारीकरणाचा विचार करता येतो. पृष्ठभागावर तात्पुरती जाळी लावून, अल्कधर्मी द्रावणात भिजवलेल्या थरातून विद्युतप्रवाह सोडतात आणि काही दिवस ते दोन-तीन आठवड्यांत सळईभोवतीची अल्कधर्मिता परत येते. चांगलं काँक्रीट तोडावं लागत नाही, हा याचा मोठा फायदा.

*क्लोराइड आत येतंय पण सळईपर्यंत पोहोचलेलं नाही*, ही सगळ्यात स्वस्तात पूल वाचवण्याची वेळ आहे आणि बहुतेक वेळा तीच हातची जाते, कारण वरून काहीच दिसत नाही. सिलेन, डेकवर जलरोधक थर, नवे जॉइंट. एवढ्यात काम भागतं. सिलेन मारताना काँक्रीट कोरडं हवं, ओल्या पृष्ठभागात ते आत शिरत नाही.

*क्लोराइड सळईपर्यंत पोहोचलं असेल* तर सुरुवातीला सांगितलेल्या ठिगळाचा सापळा इथेच आहे. चार वाटा आहेत.

पहिली, मीठ असलेलं सगळं काँक्रीट काढणं, पोकळ वाजणारं आणि न वाजणारंही. क्षेत्र छोटं आणि सीमा स्पष्ट असेल, उदाहरणार्थ जॉइंटखालचं गर्डरचं एक टोक, तर हे करण्यासारखं आहे.

दुसरी, ठिगळाच्या कडेने सळईला जस्ताचे छोटे ॲनोड बांधणं. सळईऐवजी जस्त झिजतं आणि शेजारच्या भागाला संरक्षण मिळतं. हे साधारण दहा ते वीस वर्षं काम करतात. सळया एकमेकींना विद्युतदृष्ट्या जोडलेल्या आहेत की नाही हे मीटरने तपासूनच बांधा, आणि त्यांच्यावर एपॉक्सीचं किंवा जास्त पॉलिमरचं मॉर्टर भरू नका. त्यातून प्रवाहच वाहत नाही, मग ॲनोड नुसते शोभेला उरतात.

तिसरी, बाहेरून वीज देऊन केलेलं कॅथोडिक संरक्षण, म्हणजे सगळ्या सळईला कॅथोड करून ठेवणं. पुलाच्या डेकवर ते पहिल्यांदा कॅलिफोर्नियात १९७३ साली रिचर्ड स्ट्रॅटफुल यांनी बसवलं. मीठ कितीही असलं तरी मिठाने भरलेल्या डेकमधला गंज थांबवतो हे सिद्ध झालेला हा एकच उपाय आहे, असं अमेरिकेच्या फेडरल हायवे खात्याने १९८२ मध्ये म्हटलं होतं. चांगलं काँक्रीट जागीच राहतं, फक्त सुटलेलं काढायचं. चौरस मीटरला काही मिलिअँपिअर इतकाच प्रवाह लागतो. मात्र ही यंत्रणा माणूस मागते. वीज पुरवणारा रेक्टिफायर बंद पडला, केबल चोरीला गेली आणि वर्षभर कुणी बघितलंच नाही, तर गंज पुन्हा सुरू. देखभालीचं नाव आणि दर वर्षाचा निधी आधी ठरत नसेल तर मी ही वाट सुचवणार नाही.

चौथी, विद्युतप्रवाहाने क्लोराइड बाहेर ओढून काढणं. चौरस मीटरला सुमारे एक अँपिअर प्रवाह आणि चार ते आठ आठवडे. सळईच्या मागचं मीठ सगळं निघत नाही. शिवाय खडी अल्कलीला संवेदनशील असेल तर ही पद्धत नवं दुखणं मागे लावू शकते. प्रीस्ट्रेस्ड तारांजवळ हायड्रोजन तयार होऊन पोलाद ठिसूळ होण्याचा धोका असतो. तिथे हे करूच नये.

गंजरोधक द्रव्य वरून लावलं की ते आपोआप सळईपर्यंत झिरपतं, अशीही उत्पादनं मिळतात. त्यांचे निकाल इतके उलटसुलट आहेत की भरपूर मीठ असलेल्या पुलावर एकट्या त्यांच्या भरवशावर मी राहणार नाही.

*अल्कली-सिलिका असेल* तर मुळावर घाव घालणारं औषध नाही. अभिक्रियेला पाणी लागतं, म्हणून पूल कोरडा ठेवणं हेच काम. मात्र चहूबाजूंनी घट्ट लेप देऊन आतली ओल कोंडू नका. जिनिव्हा सरोवराकाठच्या शियाँ व्हायाडक्ट या लांब पुलात ही अभिक्रिया सापडली तेव्हा २०१४ आणि २०१५ मध्ये जुन्या डेकवर पोलादी तंतू असलेल्या अतिउच्च क्षमतेच्या काँक्रीटचा जेमतेम ४-५ सेंटीमीटरचा थर घातला गेला. तो थर पाणीही अडवतो आणि डेकला बळही देतो. या काँक्रीटमध्ये घनमीटरला सिमेंट फार जास्त असतं, नुसता तेवढा आकडा पाहिला तर ते नापास होईल. पण थर पातळ, जुना पूल जागेवर, नवा डेक ओतावा लागला नाही. मालाचा आकडा आणि कामाचा आकडा किती वेगळे असतात ते इथे दिसतं.

बळकटीसाठी कार्बन तंतूंच्या पट्ट्या हलक्या, झटपट आणि वाहतूक फारशी न अडवता लागतात. आतला गंज थांबवल्याशिवाय त्या चिकटवू नका. जखम न धुता वर पट्टी बांधल्यासारखं ते होतं, आणि वर पट्टी असल्यामुळे पुढचा पोपडा दिसतही नाही.

पायरी ६: माल निवडताना

जुन्या काँक्रीटची ताकद २५ मेगापास्कल असताना ७० मेगापास्कल ताकदीचं मॉर्टर भरणं ही चूक वारंवार होते. जास्त ताकद म्हणजे बहुधा जास्त ताठरपणा आणि जास्त आकुंचन. नवं मॉर्टर आकसतं, जुनं काँक्रीट हलत नाही, आणि जोडावर किंवा ठिगळातच भेग पडते. ताठरपणा आणि तापमानाने होणारं प्रसरण जुन्या काँक्रीटशी जुळणारं, आकुंचन कमी असलेलं मॉर्टर मागा. माहितीपत्रकात ताकदीचा आकडा मोठ्या टाइपात असतो. आकुंचनाचा शोधावा लागतो, तो शोधाच.

स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी), फ्लाय ॲश, भाजलेली चिकणमाती घातलेले कमी कार्बनचे सिमेंट खाऱ्या वातावरणात चांगले चालतात, कारण त्यांतून क्लोराइड सावकाश सरकतं. पण प्रमाण फार वाढवलं आणि आवरण पातळ असेल, तर कार्बोनेशन लवकर आत शिरतं. थंडीत ताकद हळू येते, म्हणजे रस्ता जास्त दिवस बंद. वरचं वळशाचं गणित आठवा. खाडीतल्या जाड खांबाला स्लॅगचं मॉर्टर निःशंकपणे वापरावं. पातळ आवरणाच्या, पावसापासून आडोसा असलेल्या स्लॅबच्या पोटाला विचार करून वापरावं.

पायरी ७: हाताचं काम

ठिगळाची कड करवतीने सरळ, १० मिमीच्या आसपास खोल कापा. काठ निमुळते ठेवले तर मॉर्टरची पातळ जीभ होते आणि ती आधी उचलते. करवत सळईला लागणार नाही हे कव्हर मीटरने आधी पाहून घ्या. सळईच्या मागे बोट जाईल इतकी, २० ते २५ मिमी जागा मोकळी करा. मागची बाजू न उघडता पुढून घासून मॉर्टर भरलं की मागचा गंज तसाच राहतो.

जड ब्रेकर आत राहणाऱ्या काँक्रीटमध्येही बारीक चिरा पाडतो. उच्च दाबाच्या पाण्याने तोडलं तर चांगलं काँक्रीट शाबूत राहतं, सळई धुऊन निघते आणि पृष्ठभाग खरखरीत मिळतो. त्यातून निघणारं पाणी मात्र फार अल्कधर्मी आणि गाळाचं असतं. ते थेट नदीत सोडलं तर मासे मरतात. गोळा करून, निवळून, पीएच उतरवूनच सोडायचं, आणि ही बाब निविदेत स्वतंत्र लिहायची, नाहीतर ती कुणाचीच जबाबदारी राहत नाही.

मॉर्टर भरण्याआधी जुना पृष्ठभाग आतून भिजलेला, वरून मात्र पाणी न चमकणारा हवा. भरल्यावर निदान सात दिवस ओल राखा. गोणपाट एकदा भिजवून त्या दिवशी विसरून गेलो तर ऊन आणि वारा दुपारपर्यंत मॉर्टर सुकवतात. क्युअरिंगचा खर्च अख्ख्या कामात सगळ्यात कमी आणि दुरुस्तीच्या आयुष्यावर परिणाम सगळ्यात जास्त. काम झाल्यावर काही ठिगळं ओढून पकड मोजा. भार घेणाऱ्या दुरुस्तीला १.५ मेगापास्कल ही नेहमीची किमान अपेक्षा आहे. तुकडा कुठून तुटला तेही लिहा: जोडावर तुटला तर पृष्ठभागाची तयारी कमी पडली, जुन्या काँक्रीटमध्ये तुटला तर ते आतूनच चिरलेलं असू शकतं.

पायरी ८: पुढच्या माणसासाठी

हाफ-सेलची जाळी ज्या बिंदूंवर मोजली, त्यातले काही बिंदू कायमचे ठेवा. पिअर कॅपवर पितळेची छोटी खूण बसवा, सळईला जोडलेली एक तार डबीत बंद करून बाहेर ठेवा आणि नकाशावर तिचा नंबर लिहा. दोन वर्षांनी येणाऱ्याला सळईसाठी नवं भोक पाडावं लागणार नाही आणि तो त्याच जागा मोजेल. पहिल्या मोजणीच्या दिवशीचं तापमान आणि काँक्रीट ओलं होतं की कोरडं, हेही त्याच कागदावर लिहा. ते नसेल तर दोन मोजण्यांतला फरक गंजाचा की पावसाचा, हे सांगता येत नाही. फिनॉल्फ्थॅलिनच्या खोल्या, क्लोराइडचे टप्पे, कोणत्या ठिगळात कोणतं मॉर्टर आणि किती ॲनोड, हे सगळं एका पानाच्या आराखड्यावर, त्याच खडूच्या जाळीच्या अंकांनी. त्याची एक प्रत तपासणीला जाणाऱ्याच्या पिशवीत असू द्या, कारण कार्यालयातली फाइल पुलाखाली कुणी नेत नाही.